बारीक जाळीचे पुरणयंत्र

मित्रांनो, मी एक जुने पुरणयंत्र आहे; मात्र पुरण माझ्यातून क्वचितच जाते. एरवी माझ्यातून सूप जाते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नई सडकेच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक स्वयंपाकघर आहे. तिथल्या ओट्यावर, गॅसच्या डाव्या बाजूला माझी जागा आहे. तिथून समोरच्या खोलीचे दार दिसते. त्या खोलीत काय घडले ते मी तुम्हाला सांगणार आहे. पण आधी माझी रचना समजून घ्या, म्हणजे पुढचे नीट कळेल.

मी म्हणजे स्टेनलेस स्टीलचे एक पसरट भांडे. माझ्या तळाला भोकांची जाळी बसते. ती काढता येते, बदलता येते. मधोमध एक उभा दांडा आहे. त्याच्या खालच्या टोकाला तिरके पाते आणि वरच्या टोकाला लाकडी मूठ. जाळीखाली एक स्प्रिंग आहे; ती पात्याला जाळीवर घट्ट ओढून धरते. बाहेरच्या बाजूला तीन पाय आहेत, त्यांच्या आधाराने मी पातेल्याच्या काठावर बसते. मूठ फिरवली की पाते शिजलेला पदार्थ जाळीवर दाबते. जे मऊ असेल ते खाली उतरते. साल, बी आणि धागा वर राहतो. पदार्थ कढत असो वा निवलेला, गोड असो वा कडू, माझ्या दृष्टीने सगळे सारखेच. चव घेण्यासाठी जे लागते ते माझ्या घडणीत बसवलेले नाही.

माझी घडण पुण्यातल्या एका लहान कारखान्यात झाली. पत्र्याची गोल चकती प्रेसखाली गेली आणि एका दाबात तिचे भांडे झाले. जाळीला भोके पाडणारे यंत्र वेगळे होते. शेवटी एका कामगाराने मला उजेडाकडे धरले, एक डोळा मिटून जाळीतून पाहिले आणि बाजूच्या ढिगात ठेवले. तेवढीच माझी परीक्षा. पुढे शरयूताईंच्या आईने मला विकत घेतले आणि मुलीच्या लग्नाच्या भांड्यांत घातले. अशी मी रेल्वेने ग्वाल्हेरला आले.

शरयूताईंचे यजमान श्रीपादराव तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत शिकवत. त्यांचे पूर्वज कधीकाळी दक्षिणेतून इकडे दरबाराच्या कामासाठी आले होते. घरात मराठी बोलत, गल्लीत हिंदी. ग्वाल्हेरची थंडी पुण्याहून आलेल्या शरयूताईंना सोसेना. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी टोमॅटो, एक गाजर आणि आल्याचा तुकडा एकत्र उकडला आणि मला डब्यातून बाहेर काढले.

“अहो, हे घ्या. गरम आहे तोवर प्या.”

“पुरणयंत्र का काढलंयस? होळी लांब आहे अजून.”

“टोमॅटोचं सूप केलंय.”

“टोमॅटोचं पुरण म्हण. तांबड्या पोळ्या लाटणार आहेस का आता?”

“लाटते की. तुमच्या डब्यातच देते, कॉलेजात सगळ्यांना दाखवा.”

श्रीपादरावांनी दोन वाट्या सूप घेतले. मग जिभेवरची एक बी काढून ती बशीच्या कडेला ठेवली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

“पुण्याच्या जाळीची भोकं डाळीच्या हिशोबाची आहेत,” ते म्हणाले. “टोमॅटोचं बी त्यातून आरामात फिरायला जातं.”

काही दिवसांनी त्यांनी कार्यशाळेतून एक नवी जाळी करून आणली. तिची भोके मूळ जाळीच्या निम्म्याहून लहान होती, आणि प्रत्येक भोकाची धार दोन्ही बाजूंनी घासून काढलेली होती. तेव्हापासून माझ्या दोन जाळ्या झाल्या. जाडी पुरणाची आणि बारीक सुपाची. शेजारच्या लीलाताई ती पाहायला आल्या.

“वहिनी, सूप पाजता म्हणे भावजींना? आमच्याकडे सुपात तांदूळ पाखडतात बाई!”

“तुम्ही पाखडा. आमचे हे पितात.”

पुढची अनेक वर्षे मी ऋतूंप्रमाणे चालले. दौलतगंजच्या भाजीवाल्याकडे जे ढिगाने आले असेल तेच शरयूताई आणत. दिवाळीच्या सुमारास तळ्यांतले हिरवे शिंगाडे येत. ते उकडून, सोलून, जिऱ्याच्या फोडणीत पुन्हा शिजवले की माझ्यातून पांढुरके, दाट सूप उतरे. थंडीत मटार, गाजर, पालक आणि चाकवत. चाकवताला इकडे बथुआ म्हणतात. त्याच्या देठांचे धागे बारीक जाळीवर घोंगडीसारखे जमा होत. शरयूताई ते चमच्याने उचलून टाकत आणि मूठ दोन फेरे उलटी फिरवत, म्हणजे भोके मोकळी होत. थंडी सरताना ओला हरभरा. उन्हाळ्यात दुधी आणि कैरीचे सार. पावसाळ्यात लाल भोपळा, नाहीतर मुगाचे कढण. सुपात मैदा किंवा कॉर्नफ्लोअर त्यांनी कधी घातले नाही. दाटपणासाठी भाजीबरोबरच मूठभर मूगडाळ किंवा एक बटाटा शिजवत. शिजवताना साल काढत नसत. त्या म्हणत, सालीपाशी चव असते, आणि साल काढायला पुरणयंत्र आहेच.

शरयूताईंचा एक नियम होता. स्वयंपाक करताना त्या चाखत नसत. देवापुढे नैवेद्याची वाटी जाईपर्यंत अन्नाला जीभ लावायची नाही, आणि त्यानंतरही एकाचा उष्टा चमचा दुसऱ्याच्या वाटीत जाता कामा नये. अभिरामचे, म्हणजे त्यांच्या मुलाचे लग्न झाले आणि अंतरा सून म्हणून आली. अंतरा ग्वाल्हेरचीच, मराठी घरातलीच. पण तिची मराठी शाळेत आणि बाजारात हिंदीत भिजलेली. पहिल्याच आठवड्यात ती डाव तोंडाशी नेताना सापडली.

“अगं, अगं! देवाच्या आधी?”

“सॉरी आई. पण नमक ठीक आहे की नाही, ते कसं कळणार?”

“चिमटीला कळतं. आणि घरात मीठ म्हण गं. नमक म्हटलं की मी दुकानात उभी असल्यासारखं वाटतं मला.”

अंतरा हसली. तिने चाखणे सोडले. नमक मात्र सुटले नाही.

यथावकाश ओट्यावर मिक्सर आला. तो काही क्षणांत सगळे एकजीव करतो. साल, बी, धागा, काहीच मागे ठेवत नाही. मला धुऊन, पुसून, बारीक जाळी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवण्यात आले. सणासुदीला खाली काढत, पुन्हा वर ठेवत. नंतर सणाचे पुरणही मिक्सरमध्येच होऊ लागले. माळ्यावर धूळ बसते. धुळीचेही मला काही वाटत नाही.

शरयूताईंचा शेवट मी पाहिलेला नाही. मला तो माळ्यावर ऐकू आला तेवढाच ठाऊक आहे. त्या इस्पितळात होत्या. गिळता येत नव्हते म्हणून नाकातून नळी घातली होती. ती त्या ओढून काढत, म्हणून त्यांचे हात पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधले होते. श्रीपादराव रोज शेजारी बसून ते बांधलेले हात पाहत असत. शरयूताई घरी परतल्या नाहीत. त्यानंतर एका संध्याकाळी श्रीपादराव स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले असताना अंतराला म्हणाले, “माझ्यावर तशी पाळी आली तर नळी नको. लक्षात ठेव.” अंतरा म्हणाली, “असं काय बोलता बाबा!” आणि तिने नळ सोडला, म्हणजे पुढचे ऐकू येऊ नये.

मित्रांनो, गेल्या दिवाळीनंतर श्रीपादरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि चेहऱ्याची उजवी बाजू बधिर झाली. वाचा गेली. राहिलेले दोन-चार शब्द जड जिभेवरून ओघळत, आणि त्यांची शेवटची अक्षरे लांबत जात. लिहिणेही गेले. इस्पितळातून आणल्यावर त्यांचा पलंग समोरच्या खोलीत मांडला. अभिरामची नोकरी नोएडाला. तो शनिवारी येई, रविवारी परत जाई. बाकीचे दिवस घरात अंतरा आणि तिची मुलगी उन्नती. उन्नती आठवीत आहे.

डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. दारात उभे राहून त्यांनी अंतराला समजावले.

“पानी जैसा पतला देंगी तो फेफडों में जाएगा. टुकडा गया तो अटकेगा. गाढा और एकदम एकसार चाहिए. और देखिए, नमक कम.”

रात्रीच्या फोनवर अभिराम म्हणाला, “कम काय, बंदच कर ना. बीपी आहे त्यांचं. रिस्क कशाला?”

अंतराने सुपातले मीठ बंद केले. तिने मिक्सरमध्ये पालकाचे सूप केले. श्रीपादरावांना दुसऱ्याच चमच्याला ठसका लागला. डोळे वर गेले, चेहरा काळा-निळा झाला, अंतराने पाठ थोपटून त्यांना सावरले. टोमॅटोलाही तेच. सालीचा बारीक कण त्यांच्या बधिर घशाला कळत नव्हता, आणि कळे तेव्हा उशीर झालेला असे. तिसऱ्या ठसक्यानंतर अंतरा स्टूल घेऊन माळ्यावर चढली.

“हे काय आहे? रोबोटचं हेल्मेट?” उन्नतीने विचारले.

“आईंचं पुरणयंत्र. पकड. हळू.”

माझी मूठ तडकली होती. स्प्रिंगवर तांबूस डाग होते. अंतराने मला कढत पाण्याने आणि चिंचेने घासले, कापडातून बारीक जाळी काढली, ती उलटी बसते की सुलटी हे ठरवायला थोडा वेळ घेतला आणि मग दुधी उकडायला ठेवला. त्या दिवशी संपूर्ण वाटी ठसक्याविना गेली. अंतराने रिकामी वाटी ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडे पाहत तशीच उभी राहिली. आनंद झाला असेल तर तो चेहऱ्यापर्यंत आला नाही. झोप नसलेल्या माणसांचे चेहरे मी त्या दिवसांत जवळून पाहिले.

तेव्हापासून रोज दोन वेळा माझी मूठ फिरू लागली. थंडी होती, मटार होता, गाजर होते, चाकवत होता. अंतरा उकडी, मी गाळी, देवापुढे छोटी वाटी जाई आणि मग मोठी वाटी समोरच्या खोलीत. भरवायचे, हनुवटी पुसायची, वाटी धुवायची. ती माझ्यासारखीच चालत होती, एकाच दिशेने, एकाच वेगाने.

आठवडाभर श्रीपादराव खात होते. मग ते ओठ मिटू लागले. अर्धी वाटी राहू लागली, नंतर पाऊण. आणि एके दिवशी त्यांनी डावा हात उचलून स्वयंपाकघराकडे दाखवत एक शब्द उच्चारला. तो जिभेखाली अडकून, लांबत बाहेर आला.

“मीऽठऽऽ…”

“आई!” उन्नती धावत आली. “आजोबा बोलले! मीठा मांग रहे हैं.”

अंतराला त्यात नवल वाटले नाही. श्रीपादरावांची गोडाची आवड साऱ्या गल्लीला ठाऊक होती. संक्रांतीला तीळ-गुळाच्या गजकेचा डबा ते कपाटात कुलपात ठेवत आणि चावी विसरत. शिवाय त्यांचे बोट जिकडे वळले होते त्या फळीवर साखरेचा आणि मिठाचा डबा शेजारी शेजारी होता.

“थांबा बाबा, देते,” ती म्हणाली, आणि गाजराच्या सुपात साखर घातली.

मित्रांनो, गाजर मुळातच गोड. श्रीपादरावांनी पहिला चमचा तोंडात धरला, गिळला नाही. तो ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर आला.

“मीऽठऽऽ…”

“अजून मीठा पाहिजे?” अंतराने विचारले. ते मान हलवत होते, पण मानेचे स्नायूही एका बाजूचेच चालत. ती मान हो म्हणते की नाही ते कोणाला कळत नव्हते. दुसऱ्या दिवशी भोपळ्याच्या सुपात गूळ पडला. त्याच्या पुढच्या दिवशी दुधीच्या सुपात खडीसाखर. श्रीपादराव रोज तोच शब्द म्हणत आणि रोज वाटी अधिक गोड होऊन त्यांच्यासमोर येई. नंतर त्यांनी तो शब्दही सोडला. चमचा जवळ आला की ते डोळे मिटून भिंतीकडे तोंड करत.

लीलाताई समाचाराला आल्या. त्या आता पुष्कळ थकल्या आहेत, पण आवाज तसाच आहे.

“काय हो भावजी, सून बिचारी रात्रंदिवस खपते अन् तुम्ही लहान पोरासारखं तोंड फिरवता? वहिनी असत्या तर असं केलं असतंत का?”

श्रीपादरावांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आले. उजवाही ओला झाला, पण तो तसाही कायम ओला असे.

“लीलाताई, राहू द्या,” अंतरा म्हणाली. “त्यांची इच्छाच नाहीये बहुतेक. जगायची.”

हे ती खालच्या आवाजात बोलली होती, पण दार उघडे होते.

डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी श्रीपादरावांच्या दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. ते म्हणाले की असेच चालू राहिले तर दुसरा उपाय नाही. सोमवारी नर्सला घेऊन येतो, नळी घालू. नाकातून. दोन-चार दिवसांत सवय होते. नळीचा शब्द ऐकताच श्रीपादरावांचा डावा हात चादरीवरून सरकत छातीशी आला आणि त्याची मूठ वळली. तो हात कोणी बांधलेला नव्हता. अंतराने तो पाहिला. तिला आठवले असणार. तिने डॉक्टरांना पाण्याचा पेला दिला.

अभिराम त्या शनिवारी येऊ शकला नाही. रविवारी अंतराने मटार आणि चाकवत एकत्र उकडला, एक बटाटा घातला. तिने मूठ फिरवायला घेतली आणि मध्येच थांबली, पुन्हा सुरू केली. बारीक जाळीतून हिरवे, गुळगुळीत सूप पातेल्यात उतरले. देवाची वाटी निघाली. श्रीपादरावांच्या वाटीत एक चमचा साखर पडली. सकाळपासून तिने स्वतः काही खाल्ले नव्हते, उन्नतीने तिच्यासाठी दुसरी वाटी भरली आणि म्हणाली, “आई, तू पण घे ना. चक्कर येऊन पडशील.”

अंतरा दोन्ही वाट्या घेऊन समोरच्या खोलीत जाऊन बसली. आधी सासऱ्यांना भरवून पाहिले. ओठ मिटलेले. मग तिने ती वाटी तिपाईवर ठेवली, आपली वाटी मांडीवर घेतली आणि पहिला चमचा तोंडात घालून थबकली.

“उन्नती, नमक आण गं. फिकं आहे.”

उन्नतीने मिठाचा डबा नेऊन दिला. अंतराने चिमूटभर मीठ आपल्या वाटीत टाकले आणि ढवळले. श्रीपादरावांनी डोळे उघडले. त्यांचा डावा हात चादरीवरून निघाला, तिपाईवरची वाटी ओलांडून पुढे गेला आणि अंतराच्या मनगटावर पडला. बोटे डब्याच्या काठाला लागली.

“मीठऽ,” ते म्हणाले.

“हो बाबा, तुमच्यात मीठा टाकलाय मी, भरपूर टा…”

ती तिथेच थांबली. डब्याकडे पाहिले. मग सासऱ्यांकडे.

“आई, काय झालं?”

“मीठा नाही गं,” अंतरा म्हणाली. “मीठ. मीठ मागतायत ते. नमक.”

“नमक को मीठ बोलते हैं?” उन्नतीने विचारले. “सच में?”

अंतराने तिपाईवरची वाटी उचलली, आणि या घरात आल्यापासून जे कधी केले नव्हते ते केले. दुसऱ्याच्या वाटीतला चमचा स्वतःच्या तोंडात घातला. चाकवताचे सूप, साखर घातलेले, बिनमिठाचे. तिला ते गिळायला वेळ लागला.

“हे मी तुम्हाला रोज देत होते?”

श्रीपादरावांचा चेहरा अर्धाच हलतो. तो अर्धा भाग रागावला होता की हसत होता, हे मला सांगता येणार नाही. पण ओठ उघडले होते. अंतराने आपल्या वाटीतला, आपला उष्टा चमचा भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. तो गेला. दुसरा गेला. प्रत्येक घोटाला थांबायचे, हनुवटी खाली, मग गिळायचे. वाटी संपली तेव्हा अंतरा तशीच रिकामी वाटी मांडीवर ठेवून बसली. मग ती म्हणाली, “उन्नती, डॉक्टरसाहेबांना फोन लाव.”

डॉक्टर फोनवर जे बोलले ते स्पीकरवर मलाही ऐकू आले. “मैंने कम कहा था, बंद नहीं कहा था. चुटकी भर दीजिए. लेकिन कल मैं आऊंगा, अपने सामने खाते देखूंगा, तभी नली का फैसला होगा.”

सोमवारी डॉक्टर आले. बरोबर नर्स होती, तिच्या खांद्यावर पिशवी. अंतराने टोमॅटो-गाजराचे सूप केले होते. माझी मूठ तिच्या हातातून दोनदा सुटली. देवापुढे वाटी ठेवल्यावर तिने श्रीपादरावांच्या वाटीत मीठ घातले आणि डब्याचे झाकण लावले. मग शंका आली म्हणून झाकण उघडून पुन्हा घातले. डॉक्टर खोलीतून हाका मारत होते, त्यामुळे या वेळी चाखायचे राहिले.

सगळे पलंगाभोवती उभे राहिले. पहिला चमचा श्रीपादरावांनी तोंडात घेतला. हनुवटी खाली केली. गिळला. ठसका लागला नाही. मग त्यांनी डाव्या बाजूने तोंड वेडेवाकडे केले आणि अंतराकडे पाहून म्हणाले,

“खाऽ… रटऽ.”

“क्या कह रहे हैं?” डॉक्टरांनी विचारले.

उन्नतीने आईकडे पाहिले. अंतरा तोंडावर हात ठेवून उभी होती. हाताआडून येत होते ते तिचे हसू होते. मी ते फार वर्षांनी ऐकत होते.

“शिकायत कर रहे हैं, डॉक्टरसाहब,” ती म्हणाली. “नमक जादा हो गया.”

डॉक्टरांनी नर्सला पिशवी खांद्यावरच राहू द्यायला सांगितले. “करने दीजिए. रोज करने दीजिए.” मग ते खुर्ची ओढून बसले आणि दुसरी वाटी, बेताच्या मिठाची, संपेपर्यंत उठले नाहीत.

मित्रांनो, श्रीपादरावांचा उजवा हात अजून उठत नाही आणि बहुधा उठणार नाही. पण नळी घालावी लागली नाही. आता ओला हरभरा आला आहे. तो सोलायला वेळ लागतो आणि उन्नती तो मोबाइल पाहत सोलते. देवाची वाटी बाजूला काढून झाली की अंतरा सासऱ्यांच्या वाटीतला एक चमचा आधी स्वतः चाखते, मग वाटी उचलते. श्रीपादरावांना यात नवा चाळा मिळाला आहे. ते रोज काही ना काही खोट काढतात. “आऽलं” म्हणजे आले कमी. “पातऽळ” म्हणजे दाटपणा नाही. उन्नतीला यातला प्रत्येक शब्द एकदा विचारावा लागतो, आणि विचारला की तो तिचा होतो. परवा ती आईला म्हणाली, “आई, आजचं अळणी आहे,” आणि अंतरा वळून तिच्याकडे पाहतच राहिली.

जाता जाता माझी विनंती ऐका. मला वापरून झाले की जाळी काढून धुवा, स्प्रिंग कोरडी करा, तडकलेल्या मुठीला तेलाचे बोट लावा. एवढ्यावर मी अजून बरीच वर्षे चालेन. आणि तुमच्या घरात कोणी असे असेल, ज्याच्या तोंडात तुम्हाला घास घालावा लागतो, तर त्याच्या वाटीतला पहिला चमचा तुम्ही खा. त्याने तोंड फिरवले तर त्याला हट्टी म्हणण्याआधी तो जे म्हणतो आहे ते पुन्हा एकदा ऐका, त्याच्या भाषेत. शब्द कळला नाही तर तसे त्याला सांगा. तो पुन्हा म्हणेल.